शनिवारची शिक्षण परिषद : मोबाईल येताना चार्ज करून आणा

केंद्रातील सर्व शिक्षक बंधू-भगिनींनो,

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता केंद्रशाळेत शिक्षण परिषद आहे. विषय : वर्गात डिजिटल साधनांचा सुरक्षित वापर. प्रत्येक शाळेतून किमान एक शिक्षक यावेत.

यावेळी प्लिकर्स, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं वर्गातून झटपट गोळा करणारं ॲप, प्रत्यक्ष वापरून पाहू. मुलांच्या हाती फक्त कागदी कार्ड, मोबाईल एकट्या शिक्षकाकडे. कार्डाच्या चार बाजूंना पर्यायांची अक्षरं असतात; ज्या पर्यायाचं अक्षर वर धरलं, ते उत्तर. शिक्षक मोबाईलच्या कॅमेऱ्याने कार्डं टिपतात. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही. एरवी हात वर न करणारी मुलंही यात उत्तर देतात, म्हणून हे साधन मला फार मोलाचं वाटतं.

सोबत आणा :
- प्लिकर्स ॲप घेतलेला मोबाईल
- कार्डांची प्रिंट (चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परतून कार्ड वाचलं जात नाही)
- आपल्या इयत्तेचे पाच बहुपर्यायी प्रश्न

आणि हे आजपासूनच पाळा. ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं, आधार क्रमांक, जन्मतारीख भरू नका. हजेरी क्रमांक पुरतो. मुलांचे फोटो-व्हिडिओ स्टेटसला किंवा ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. यूट्यूबचा व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा, ऑटोप्ले बंद ठेवा.

एखाद्या मुलाला ऑनलाईन त्रास होत असेल तर त्याला न रागावता ऐकून घ्या. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. दोन्ही क्रमांक वर्गात लावा.

येणाऱ्यांची नावं गुरुवारपर्यंत कळवा.

– केंद्रप्रमुख