आईच्या प्रश्नाचे उत्तर

पुणे, रविवार सकाळ

ती. आई व ती. बाबा यांस
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर आईने विचारले, “इतक्या रात्रीपर्यंत ऑफिसात तू नक्की करतोस तरी काय?” आणि मी “सर्व्हर भरला होता” एवढेच तुटक बोलून फोन ठेवला. ते मला दिवसभर खात राहिले. आज ईरा आणि तिची आई अजून झोपलेल्या आहेत, म्हणून त्या प्रश्नाचे नीट उत्तर लिहायला बसलो आहे.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षे रेकॉर्ड रूम सांभाळलीत, त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला माझ्या साहेबांपेक्षा लवकर कळेल. आमच्या एका सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे काम सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, दोन टेराबाइट म्हणजे सुमारे दोन हजार गिगाबाइट जागा आहे. त्यावर चालणारा प्रोग्राम आपण काय काय केले याची रोजनिशी लिहीत असतो. तिला आम्ही लॉग म्हणतो. कोणीतरी एका चाचणीसाठी ही रोजनिशी सविस्तर लिहिण्याची सोय चालू केली आणि ती बंद करायची राहून गेली. महिनाभरात ती एकच फाइल आठशे गिगाबाइटची झाली. काही आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी ती माझ्या नजरेस पडली, मी ती पुसून टाकली, आणि जागा खरोखर मोकळी झाली की नाही हे न पाहताच घरी आलो. रात्री दोन वाजता फोन वाजला, तेव्हा डिस्क शंभर टक्के भरलेली होती आणि रात्रीचा बॅकअप अर्ध्यावर थांबला होता.

पुढचे चार तास मी जे केले ते सांगायला थोडी लाज वाटते. आधी डिस्कच खराब झाली असेल असे समजून ती तपासली. ती ठणठणीत होती. मग लहान लहान फायलींची संख्या मर्यादेबाहेर गेली असेल असे वाटले, कारण जागा शिल्लक असली तरी फायलींच्या नोंदी संपल्या की नवी फाइल बनत नाही. तेही कारण नव्हते. दरम्यान घाबरून मी एकाच वेळी तीन सेटिंग बदलून ठेवली, त्यामुळे कशाचा परिणाम काय झाला हेच कळेनासे झाले. कोडे असे होते की जागा मोजणाऱ्या दोन आज्ञा दोन वेगळी उत्तरे देत होत्या: एक म्हणे डिस्क भरली आहे, दुसरी सगळ्या फायलींची बेरीज करून म्हणे बाराशे गिगाबाइटच वापरले आहेत. फरक बरोबर आठशेचा होता, म्हणजे मी पुसलेल्या फाइलएवढाच.

तुमच्या भाषेत सांगायचे तर नोंदवहीतून मी बस्त्याची नोंद खोडली होती, पण बस्ता एका कारकुनाच्या टेबलावर उघडाच होता आणि तो त्यात लिहीतच होता. नोंदवही पाहून बेरीज करणाऱ्याला तो दिसत नाही, खोलीतली जागा मोजणाऱ्याला मात्र दिसतो. लिनक्समध्ये, म्हणजे आमचा सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात, फाइलचे नाव पुसले तरी एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरलेली असेल, तर त्याने ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. उघड्या फायलींची यादी काढल्यावर आमचा प्रोग्राम ती धरून बसलेला सापडला. सहा वाजता तो बंद करून पुन्हा चालू केला आणि दोन मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. अशी फाइल पुसायची नसते, आतून रिकामी करायची असते. हे मला ठाऊक असूनही घाईत सुटले. चूक माझी होती, आणि तसे मी सोमवारी सर्वांसमोर सांगितले.

तर दुसरी बातमी. त्या आठवड्यानंतर माझा चेहरा पाहून ईराच्या आईने आम्हा तिघांची नावे धनुर्विद्येच्या वर्गात घातली. आई, तू घाबरशील म्हणून आधीच सांगतो: मैदानावर सगळे शिट्टीवर चालते. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्याशिवाय कोणीही बाण आणायला पुढे पाऊल टाकायचे नाही. आणि लागोपाठ पाच किंवा अधिक वाजल्या तर सगळे जागच्या जागी थांबते. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडायलाही सक्त मनाई आहे, कारण त्याने धनुष्याची पाती तुटू शकतात.

पहिल्याच दिवशी कळले की मी उजव्या हाताचा असलो तरी माझा डावा डोळा प्रबळ आहे. दोन्ही तळव्यांची त्रिकोणी खिडकी करून लांबच्या खांबाकडे पाहायचे आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो प्रबळ. आता मी डाव्या हाताने दोरी ओढायला शिकतो आहे आणि दहा मीटरवरूनही माझे बाण चहूकडे जातात. ईराचे मात्र तिसऱ्या आठवड्यातच एका ठिकाणी पडू लागले. प्रशिक्षक म्हणतात, बाण विखुरलेले असतील तोवर साइटला, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेला, हात लावायचा नाही. आधी सगळे एका जागी पडू द्यायचे, मग ते चुकीच्या जागी का असेनात, साइट त्या बाजूला सरकवली की काम झाले. हे ऐकताना मला ती रात्र आणि बदललेली तीन सेटिंग आठवली, आणि मी मुकाट्याने उभा राहिलो.

बाबा, तुम्ही साताऱ्याच्या अदिती स्वामीचे कात्रण जपून ठेवले होते ना? ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये नागपूरचा ओजस देवतळे. ते कात्रण ईराला हवे आहे. तिचे धनुष्य रिकर्व्ह, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांचे, आहे, कंपाउंड नव्हे, हा भेद ती तुम्हाला स्वतःच समजावणार आहे, तेव्हा माहीत नसल्याचे दाखवा.

तुमच्या डोळ्याच्या तपासणीच्या दिवशी मी रजा घेतली आहे. त्या दिवशीची सर्व्हरची पाळी सहकाऱ्याने घेतली आहे, त्यामुळे फोन वाजणार नाही.

तुमचा,
नंदू

ता. क. आई, ईराला बाणांसाठी भाता हवा आहे. माळ्यावरच्या जुन्या सतरंजीचा शिवता येईल का? खोली दीड फूट, तोंड चार इंच, आणि कमरपट्ट्यात अडकवायला मागे दोन बंद. तळाशी जाड कापडाचे दोन थर लाव, बाणांची टोके खाली असतात.