बेल्ट बदलला, सुमे!

कराड, रविवार

प्रिय सुमी,

आधी बातमी, मग खुशाली. आपल्या मारुती आठशेचा फॅन बेल्ट आज मी घरी, पोर्चमध्ये, स्वतः बदलला. घरात सांगितलं तर सगळे ‘अरे वा’ म्हणाले आणि जेवायला बसले. यात काय आहे ते तुलाच कळेल. पोफळीच्या वर, कुंभार्ली घाटात, त्या उन्हात, फियाटचं बॉनेट उघडून माझ्याबरोबर वाफेत उभी होतीस ती तूच.

माझी शुगर ठीक, ह्यांचा गुडघा तसाच. झालं.

गेले काही दिवस सकाळी गाडी सुरू केली की किंचाळायची आणि जरा वेळाने गप्प व्हायची. हेडलाइट लावले की परत तेच. अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, भार पडला की बेल्ट घसरत होता. आपले मिस्त्री लेकाकडे पुण्याला गेलेत. दुसऱ्या एका गॅरेजात नेली, तर बॉनेट न उघडताच म्हणाला, ‘चार दिवस ठेवून जा, वॉटर पंपही बदलावा लागेल.’ मी किल्ली परत घेतली, येताना बेल्ट विकत घेतला आणि आज सकाळी, इंजिन गार असतानाच कामाला लागले.

आधी दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले. वरचा, खाचेतला, लगेच फिरला. खालचा काही हलेना. गंज सोडवायचं तेल मारून चहा पिऊन आले, तेव्हा कुठे करकरला. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की बेल्ट ढिला पडून हातात येतो. पण ड्रायव्हरच्या बाजूला पुली आणि पत्रा यांच्यामध्ये जागा इतकी कमी, की हात घालताना बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या.

जुना बेल्ट उजेडात उलटा वाकवून पाहिला. आतल्या बाजूने बारीक आडव्या भेगा, एके ठिकाणी दोरा दिसायला लागलेला. दोन्ही कडा तर आरशासारख्या चकचकीत. हा बेल्ट पुलीला कडांनीच धरतो, त्यामुळे कडा गुळगुळीत झाल्या की पकड गेलीच. अजून एखादा महिना काढला असता तर कुठेतरी तुटला असता. या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर असला तरी इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही याच एका बेल्टवर. तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागणार, पाठोपाठ तापमानाचा काटा वर.

आता माझी खरी काळजी. शनिवारी अक्कांना चिपळूणला न्यायचंय, भाचीचं केळवण आहे. नातूही बरोबर येणार. म्हणजे पाटण, हेळवाक, कुंभार्ली. आणि मी घट्ट केलेला बोल्ट पुरेसा घट्ट आहे का? टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, अल्टरनेटर बाहेर रेटून धरला आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळला. पुस्तिकेत म्हटलंय की मधोमध अंगठ्याने दाबला तर सहा ते नऊ मिलिमीटर दबावा. फूटपट्टी लावली, दबतो तेवढाच. पण येता-जाता बॉनेट उघडून दाबून बघतेय. सैल राहिला तर घसरेल, जास्त ताणला तर पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगची वाट लागेल. मिस्त्री नुसतं बोटाने टिचकी मारून ‘जमलं’ म्हणायचे. त्यांच्या त्या ‘जमलं’वर मी वीस वर्षं घाट उतरले. आता ‘जमलं’ म्हणायची पाळी माझी, आणि मागच्या सीटवर नातू बसणार.

(तेव्हा तुटलेल्या बेल्टच्या जागी बांधलेल्या ओढणीचं काढू नकोस. तुझी ओढणी पोफळीपर्यंत टिकली नव्हती, पहिल्याच वळणाला तिच्या चिंध्या झाल्या. पुढे गाडी उतारावर बंद इंजिनानेच गेली. दादाला विचार. आणि माझा बारा-तेराचा पाना अजून तुझ्याकडेच आहे, तोही विसरू नकोस.)

त्यात धाकट्याचं टुमणं सुरू आहे: भंगारात द्या. गाडी २००१ची, यंदा नोंदणीचं नूतनीकरण, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ती फी आता १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. ‘आई, २०१४ला उत्पादन बंद झालेल्या गाडीला किती दिवस धरून बसणार?’ हिशेब त्याचा बरोबर आहे. पण बेल्ट अजून कराडात कुठल्याही दुकानात मिळतो आणि साध्या पान्यांनी घरी बसवता येतो. जी गाडी मला अशी उघडून दिसते, ती मी देणार नाही. त्याला तसं सांगितलंय. दोन दिवस बोलला नाही, बोलेल.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणतो, म्हणून बुधवारी पाटणपर्यंत जाऊन येणार आणि गार झाल्यावर पुन्हा मोजणार. सैल पडला असेल तर परत आवळीन. जास्तीचा एक बेल्ट आणि पाने डिकीत टाकलेत.

तुझ्या बदलापूरच्या जागेच्या चाव्या मिळाल्या का? सुनेचा निकाल लागला असेल. तिला माझ्याकडून शंभर रुपये दे, पेढ्यांचे.

तू शनिवारी चिपळूणला ये ना. परतीच्या चढाला, जिथे इंजिन खरं तापतं, तिथे शेजारी तू हवीस. मांडवी एक्सप्रेसचं तिकीट आजच काढ आणि मला फोन कर. स्टेशनवर मी घ्यायला येते.

तुझी,
कुंदा