नोटीस घेतली नाही म्हणून ती चुकत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यात पस्तीस वर्षे पोस्टमनकी करून मी २०१९ मध्ये निवृत्त झालो. गेल्या सोमवारी शेजारचा मुलगा पोस्टाची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या आजीच्या नावे पत्र आले होते, दार बंद होते म्हणून पोस्टमन चिठ्ठी ठेवून गेला होता. ही माणसे वीसेक वर्षे भाड्याच्या घरात राहतात. मुलगा म्हणाला, "काका, घरमालकाच्या वकिलाचं असणार. सात दिवस कुणी गेलं नाही की आपोआप परत जातं ना? मग झालं." 'मग झालं' हे त्याने इतक्या समाधानाने म्हटले की मला बाजारातला माझा जुना शिंपी आठवला.

हा शिंपी माझ्या बीटवर होता. दुकान खाली आणि मालकीण वर, लाकडी जिन्याने चढून जायचे. विधवा बाई, मूलबाळ बाहेरगावी. दुकानाचे भाडे महिना नव्वद रुपये, कुणाच्या आजोबांनी ठरवलेले. बाई पावती देत नाही म्हणून शिंप्याने भाडे थांबवले. भाडे देत नाही म्हणून बाईने वकील गाठला. एके दिवशी माझ्या पिशवीत त्याच्या नावाचे रजिस्टर निघाले. शिंप्याने मशीन थांबवले नाही, नुसते पाकिटाकडे पाहिले आणि म्हणाला, "म्हाका नाका, परत व्हर." मी पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला, तारीख घातली, सही केली आणि पुढच्या दुकानात गेलो. त्या वेळी मलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

दोन वर्षांनी मला साक्षीला बोलावले. भाडे नियंत्रकाच्या कार्यालयात, म्हणजे आमच्याकडे उपजिल्हाधिकाऱ्यांसमोर, ते पाकीट माझ्या पुढ्यात ठेवले. "हा शेरा तुमचा?" माझाच होता. मग सर्वांसमोर पाकीट उघडले. आत एक कागद, थकलेले भाडे बाराशे साठ रुपये. तेवढे पैसे त्या दिवशी शिंप्याच्या गल्ल्यात असतील, नसतील तर संध्याकाळपर्यंत झाले असते. पण गोव्याच्या १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात असे आहे की एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले आणि रजिस्टर नोटीस मिळाल्यापासून, किंवा ती नाकारल्यापासून, तीस दिवसांत ते भरले नाही, तर मालकाला जागा खाली करून मागता येते. नाकारणे आणि मिळणे कायद्याला सारखेच. शिंप्याचे तीस दिवस माझ्या शेऱ्याच्या तारखेपासून धावू लागले होते आणि तो आपला ब्लाऊज शिवत बसला होता. तिथे सगळे इंग्रजीत टाइप होत होते. बाहेर आल्यावर त्याने मलाच विचारले, "कितें बरयलें रे तांणी?" म्हणजे, काय लिहिले रे त्यांनी?

मालकिणीची बाजूही मी पाहिली आहे. त्याच जिन्याने तिच्याकडे मी मनीऑर्डरी नेल्या आहेत, दुसऱ्या खोलीच्या भाडेकरूच्या. त्या ती परत पाठवी, कुणीतरी सांगितले होते की पैसे घेतलेस तर तुझा हक्क बुडेल. तो भाडेकरू मात्र शहाणा. दर महिन्याला मनीऑर्डर, परत आली की पावती जपून ठेवायची. मालक भाडे घेत नसेल तर ते भाडे नियंत्रकाकडे जमा करायची सोय आहे, तेही त्याने केले. त्याला कुणी हात लावू शकले नाही. एकाच घरातले दोन भाडेकरू. एकाला योग्य वेळी कुणीतरी चार शब्द सांगितले होते, एवढाच फरक.

आणि बाईला काय मिळाले? वकिलाची फी द्यायला तिने पाटल्या मोडल्या हे अख्ख्या बाजाराला माहीत होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितले नाही. घरमालकीण म्हटली की श्रीमंत, असे आपण धरून चालतो. नव्वद रुपये भाड्यावर कौले तरी परततात का? निकाल तिच्या बाजूने लागला, त्यावर शिंप्याने पणजीला प्रशासकीय लवादाकडे अपील केले, ते वर्षानुवर्षे चालले. आज दोघेही हयात नाहीत. दुकानाला कुलूप आहे. वारसांत दोघे मुंबईला, एक पोर्तुगालात. दुकानाचे काही करायचे तर आपल्या गोव्याच्या कायद्याने सुना-जावयांच्याही सह्या लागणार. कुलपाची किल्ली नेमकी कुणाकडे आहे ते मला विचारू नका.

दुसरी गोष्ट चुकीच्या दाराची. भाड्याचे घर असेल तर भाडे नियंत्रक, मुंडकारीचा, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न असेल तर मामलेदार, काही बाबतीत दिवाणी न्यायालय. सामान्य माणसाला ही दारे कशी ओळखू यावीत? माझ्या बीटवरचे एक म्हातारे गृहस्थ भाटकाराविरुद्ध मुंडकार म्हणून नाव लावायला मामलेदाराकडे गेले. पुरावा म्हणून काय नेले, तर तीस वर्षांच्या भाडेपावत्या, सुतळीने बांधून. १९७५ च्या मुंडकार कायद्यात घराचे भाडे देणारा मुंडकार ठरत नाही. ज्या गठ्ठ्यावर त्यांची भिस्त होती त्यानेच त्यांचा दावा बुडवला. भाडेकरू म्हणून त्यांचे संरक्षण याच पावत्यांवर भक्कम उभे राहिले असते.

आता माझे स्वतःचे. निवृत्तीनंतर मी मागच्या अंगणात एक खोली बांधली आणि अकरा महिन्यांच्या करारावर दिली. अकरा महिने झाले की माणूस आपोआप निघतो असा माझाही समज. भाडेकरू निघाला नाही, भाडेही बंद केले. मित्रमंडळींनी सल्ला दिला: पाणी तोड, तो देवदर्शनाला गेला की कुलूप बदल. खरे सांगतो, मी बाजारातून कुलूप आणलेही होते. पण साक्षीचा तो दिवस आठवला आणि आधी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे, गेलो. तिथल्या वकीलबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितले की कायद्याचा मार्ग सोडून एखाद्याला बाहेर काढले, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मग मालकी कुणाचीही असो. साध्या कागदावर अर्ज दिला. दाव्याआधीच दोघांना बोलावले. त्याचीही अडचण होती, नोकरी गेली होती. थकबाकी चार हप्त्यांत आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर खोली खाली, असे लोक अदालतीत लिहून झाले. त्यावर अपील नाही आणि त्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. तिसरा हप्ता उशिरा आला, पण आला. कुलूप अजून घरी आहे, आता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो.

तेव्हा फुकट कायदेशीर मदत आपल्याकडे नाही असे नव्हे. ती मिळते, १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवतात. पण लोक तिथे पोचतात ते समन्स हातात पडल्यावर, म्हणजे नोटिशीचे तीस दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. माझी मागणी छोटी आहे. समितीचे विधी स्वयंसेवक आठवड्याच्या बाजारादिवशी पंचायतीत किंवा पोस्टाच्या व्हरांड्यात बसावेत आणि आलेला कागद, मालकाचा असो वा भाडेकरूचा, मराठी-कोकणीत वाचून दाखवावा. वकील संघाने सदस्यांना सांगावे की अशा प्रत्येक नोटिशीच्या खाली मराठीत दोन ओळी लिहा: किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि मोफत सल्ला कुठे मिळेल. याने त्यांचा धंदा बुडणार नाही.

जाता जाता पोस्टातल्या माणसाची एक सूचना. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. नोटीस त्याच माणसाच्या हाती पडायला हवी असेल तर पाठवणाऱ्याने खिडकीवर स्पीड पोस्टाला नोंदणीची (रजिस्ट्रेशनची) जोड सांगून मागावी. पावती आणि पोचीचा पुरावा वकिलाच्या फायलीत टाकून विसरू नये, एक प्रत स्वतःकडे ठेवावी. नोटीस घेणाऱ्याने पाकीटही जपावे, कारण तारखेचा शिक्का पाकिटावर असतो, आतल्या कागदावर नाही.

शेजारच्या आजींना मी मंगळवारी पोस्टात घेऊन गेलो. चौथा दिवस होता. सही करून पाकीट घेतले आणि तिथेच बाकावर उघडले. पाच महिन्यांचे भाडे थकले म्हणून नोटीस होती. नातू एकदम म्हणाला, "मी तर दर महिन्याला फोनवरून पाठवतो!" बघितले तर पैसे मालकाच्या थोरल्या भावाच्या खात्यात जात होते. पूर्वी भाडे तोच घेत असे, आता भावांची वाटणी झाली आहे, हे यांना कुणी कळवलेच नाही. पाचही महिन्यांच्या नोंदी फोनमध्ये आहेत. त्यांचे कागद काढून आणि पाकीट सोबत घेऊन उद्या सकाळी दहाला आम्ही तिघे कोर्टातल्या समितीत जाणार आहोत.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
डिचोली, गोवा