जर्मनीला जायचे तर आधी कागद जुळवा

महोदय,

उन्हाळ्यात हॉटेलांच्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाचे मेळावे भरू लागले की 'जर्मनीत मोफत शिक्षण' ही ओळ प्रत्येक फलकावर झळकते. ओळ अर्धी खरी आहे. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत; सत्राला शंभर ते चारशे युरोंच्या आसपास सत्रशुल्क असते आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्राला ४,००० ते ६,००० युरो आकारते. फलकावर हे नसते.

मेळाव्यातला सल्ला फुकट का असतो, हेही पालकांनी एकदा विचारून घ्यावे. अशा सल्लागाराचे पैसे बहुधा ज्या खासगी संस्थेत विद्यार्थी पाठवला तिच्याकडून येतात. सरकारी विद्यापीठ कमिशन देत नाही, म्हणून ते त्याच्या यादीत वर येत नाही. मुलगा खासगी संस्थेत चांगले शिकणारच नाही असे नव्हे, पण तिथला अभ्यासक्रम अर्धा ऑनलाइन असला तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवानाच अडचणीत येऊ शकतो. पैसे भरण्याआधी वर्ग प्रत्यक्ष भरतात का, हे लेखी घ्यावे.

लागणारी माहिती सगळी उघड्यावर आहे. डीएएडी, जिला सगळे 'डाड' म्हणतात, त्या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची सूची आहे: विषय, शुल्क, भाषेची अट, अर्जाची तारीख. 'होखशूलकोम्पास' ही जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेची सूची. तिथे सरकारी आणि खासगी वेगळे काढता येते. 'अनाबिन' या तिसऱ्या सूचीत आपल्याच विद्यापीठाचे नाव शोधायचे. नावापुढे 'एच प्लस' असले की संस्था मान्य. पाने जर्मनमध्ये आहेत, पण ब्राउझरच्या भाषांतरावर काम भागते. स्वायत्त महाविद्यालयाचे नाव तिथे दिसले नाही तर घाबरू नये. पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे त्याचे नाव पाहावे. बारावी झाल्याझाल्या थेट बॅचलरला साधारणपणे प्रवेश मिळत नाही. इथे पदवीचे एक वर्ष, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड, किंवा तिथले वर्षभराचे पूर्वतयारीचे 'श्टुडिएनकोलेग', यांतले काहीतरी लागते.

मग मुले अडतात कुठे? गुणांवर क्वचित. अडतात ती कागदांवर, आणि कागदांच्या क्रमावर.

क्रमात पहिला येतो एपीएस दाखला. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी तो सक्तीचा आहे. एपीएस हा जर्मन दूतावासाचा दिल्लीतला विभाग गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का ते तपासतो. शुल्क १८,००० रुपये. दाखला हाती यायला काही आठवडे जातात, गर्दीच्या दिवसांत जास्त. आता 'युनि-असिस्ट' ही अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणारी संस्थाही हा दाखला मागते. म्हणजे तो नुसता व्हिसाचा कागद न राहता प्रवेशअर्जाचा कागद झाला आहे. ऑक्टोबरमध्ये जायचे असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात एपीएसला हात घालावा. हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी कितीतरी विभाग ती मार्च किंवा मेमध्येच संपवतात. युनि-असिस्ट पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्राच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो घेते, आणि पैसे पोहोचल्याशिवाय फाइल उघडत नाही. शेवटच्या आठवड्यात अर्ज भरून बँकेतून संथपणे पैसे पाठवणारा इथेच मागे पडतो.

दुसरा अडथळा खास आपला आहे, नावाचा. आपल्या मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव वेगळे. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि उरलेले दुसऱ्या ओळीत. समजा गुणपत्रिकेवर 'पाटील स्नेहल दत्तात्रय' आहे. ऑनलाइन अर्जात 'लास्ट नेम'च्या चौकटीत सवयीने शेवटचा शब्द जातो आणि स्नेहल पाटील 'मिस दत्तात्रय' होऊन बसते. प्रवेशपत्र त्या नावाने निघते, विमाही त्याच नावाने, आणि व्हिसाच्या खिडकीवर पासपोर्ट म्हणतो पाटील. शिवाय 'दत्तात्रय'चे इंग्रजी स्पेलिंग दहावीत शेवटी 'ए' लावून, पदवीत 'ए'शिवाय. उपाय साधा आहे: पासपोर्टवर जे अक्षर जिथे आहे तेच सगळीकडे, आयईएलटीएसच्या अर्जापासून ब्लॉक्ड अकाउंटपर्यंत, म्हणजे खर्चाचे पैसे आधी अडकवून ठेवायच्या बँक खात्यापर्यंत. जुन्या गुणपत्रिकेतला फरक प्रतिज्ञापत्राने जोडावा. पदवी प्रमाणपत्रातली चूक असेल तर विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्यावी. ती दुरुस्ती महिन्यांची असते, म्हणून तीही आदल्या वर्षीच.

तिसऱ्या गोष्टीवर, गुणांच्या रूपांतरावर, थोडे थांबतो, कारण तिथे सर्वांत जास्त मुले विनाकारण कापली जातात. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण 'सुधारित बवेरियन सूत्रा'ने बदलतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. आता दहापैकी ७.० सीजीपीए घेतलेला विद्यार्थी पाहा. उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी ४ धरली तर तीन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक: २.५. तीच किमान श्रेणी ५ धरली तर तीन भागिले पाच, आणि उत्तर २.८. पुष्कळ मास्टर्स अभ्यासक्रमांची रेघ २.५ वर असते. म्हणजे मुलगा तोच, गुण तेच, आणि एका आकड्यावर तो आत किंवा बाहेर. हा आकडा ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर, छापलेला असला तर तपासणारा तोच घेतो. नसला तर तो त्याच्या तक्त्यातला घेतो, आणि तो आपल्या विद्यापीठाचा असेलच असे नाही. म्हणून ट्रान्स्क्रिप्ट काढताना त्यावर किमान उत्तीर्ण श्रेणी आहे का ते खिडकीवरच वाचून घ्यावे. नसेल तर परीक्षा विभागाच्या सहीशिक्क्याचे वेगळे पत्र मागावे. सीजीपीएचे टक्के स्वतः करून अर्जात लिहू नयेत. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की शंका सुरू होते.

त्याला लागूनच श्रेयांकांचा प्रश्न. मास्टर्सच्या विभागाला 'गणिताचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके ईसीटीएस' असे हवे असते. एक ईसीटीएस म्हणजे वर्ग, प्रात्यक्षिक आणि घरचा अभ्यास मिळून २५ ते ३० तास. आपल्या गुणपत्रिकेवर विषयाचे नुसते नाव असते, आणि 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३' मध्ये काय शिकवले हे आखेनमधल्या प्राध्यापकाला कळायला मार्ग नसतो. तो मार्ग म्हणजे अभ्यासक्रमाची पुस्तिका. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते, पण पॅटर्न पाहून घ्यावी. पुण्याच्या अभियांत्रिकीत २०१५ आणि २०१९ चे पॅटर्न वेगळे आहेत. घाईत चुकीचा जोडला की विषयांची नावे गुणपत्रिकेशी जुळत नाहीत आणि सगळा अर्ज संशयास्पद वाटतो. योग्य पुस्तिकेतून विषयवार तासांचा एक पानाचा तक्ता करून जोडावा. केटी लागलेल्या सत्रांच्या गुणपत्रिकाही सोबत असाव्यात; त्या वगळणे हे नापास होण्यापेक्षा वाईट दिसते.

आता पैसा. पहिल्या वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरायचे असतात. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो हाती येतात. १ सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे आणि तो बदलत असतो, म्हणून भरण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पाहावा. पैसे पाठवताना मधल्या बँका वीस-तीस युरो कापतात, खात्यात रक्कम थोडी कमी पडते आणि पुष्टीपत्र निघत नाही. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ भरताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, असा पर्याय निवडावा आणि थोडी रक्कम वर ठेवावी. उद्देशाचा कोड शिक्षणाचा, एस-०३०५. आजच्या दराने ही रक्कम दहा लाखांच्या वर जाते, आणि एका पॅनवरून एका आर्थिक वर्षात दहा लाखांवर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. आई आणि वडील दोघांच्या पॅनवरून पाठवले तर तो टळू शकतो. कापला गेलाच तर बुडत नाही, ज्याचा पॅन त्याच्या विवरणपत्रात परत मिळतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही.

कर्जाचा मात्र एक फास आहे. पुष्कळ बँका म्हणतात, व्हिसा दाखवा मग पैसे सोडू. आणि व्हिसाचे कार्यालय म्हणते, पैसे दाखवा मग व्हिसा देऊ. मंजुरीचे पत्र म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट नव्हे. म्हणून मंजुरीच्या वेळीच 'व्हिसापूर्व वितरण' हा शब्द मंजुरीपत्रात लिहून घ्यावा. गावाकडच्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात घ्यावे: सातबाऱ्यावरची शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली आहे. शहरातले नातेवाईक जामीन राहतात का, हे मार्चमध्ये विचारावे, जुलैत नव्हे.

शिष्यवृत्तीचे थोडक्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीच्या पहिल्या दोनशेंना बांधलेली. जर्मनीतली उपयोजित विज्ञानाची, उद्योगाशी जोडलेली चांगली होखशूले (उच्च शिक्षणसंस्था) त्या क्रमवारीत दिसतच नाहीत. अर्ज ठरवताना हे आधी पाहावे. मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, आणि के. सी. महिंद्रा न्यासाची बिनव्याजी. दोन्हींच्या तारखा प्रवेशपत्र येण्याच्या आधी सरतात, म्हणून वाट पाहत बसू नये.

खर्च वाचवायचा एक हक्काचा मार्ग: अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारला जाणारा सरकारी शिक्का, करूच नये. एजंट पदवीवर अपोस्टिल करून देण्याचे पैसे घेतात. भारत अपोस्टिल करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला, म्हणून या दोन देशांत तो करार लागू नाही. भारतीय अपोस्टिलला जर्मन कार्यालयात काही किंमत नाही.

भाषेचे तर आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगतोच. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी भाड्याचा करार, डॉक्टर आणि सुपरमार्केटातले काम जर्मनमध्ये असते. ती शिकायला मुंबईत काळा घोडा आणि पुण्यात बोट क्लब रोडवरचे मॅक्स म्युलर भवन, पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूट, आणि मोफत हवे तर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे. फक्त क्लासचे प्रमाणपत्र व्हिसाला चालत नाही. मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते. तिच्या जागा भराभर भरतात.

व्हिसा नाकारला गेल्यास पूर्वी लेखी फेरविचार मागता येत असे. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद केली. आता नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनचे प्रशासकीय न्यायालय. पहिल्या अर्जातली चूक त्यामुळे आता पूर्वीपेक्षा महाग पडते. हेतुपत्र एजंटाच्या साच्यातून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याच साच्यातली वीस पत्रे त्याच खिडकीवर त्याच आठवड्यात पोहोचतात.

प्रवेशपत्र आले त्याच दिवशी तिथल्या श्टुडीरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्थेच्या, वसतिगृहाच्या रांगेत नाव घालावे. खोली न पाहता अनामत मागणाऱ्या घरमालकाला उत्तरही देऊ नये.

विद्यार्थ्यांना जे जमते ते इतकेच. पुढचे काम विद्यापीठांचे आहे, म्हणून हे पत्र आपल्याकडे. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या बाजूला तीन ओळी छापाव्यात: कमाल श्रेणी, किमान उत्तीर्ण श्रेणी, आणि एका श्रेयांकाचे तास. नव्या यंत्रणेची गरज नाही, छपाईच्या नमुन्यात बदल पुरे. तोपर्यंत परीक्षा विभागाने तेच एक पत्र संकेतस्थळावर सहीशिक्क्यासह ठेवावे, म्हणजे नांदेडच्या किंवा जळगावच्या मुलाला त्यासाठी रजा काढून खिडकीपर्यंत यावे लागणार नाही.

— जर्मन भाषेच्या दोन शिक्षिका, पुणे