एकाच नावाच्या युद्धनौका: नावापुढे वर्षही छापा

संपादक महोदय,

दर डिसेंबरात नौदल दिनाच्या आगेमागे १९७१च्या युद्धावरचे लेख छापून येतात. मजकूर बहुधा बरोबर असतो. शेजारचे छायाचित्र मात्र कित्येकदा भलत्याच जहाजाचे निघते. नाव तेच, जहाज दुसरे. नौका निवृत्त झाली की तिचे नाव पुढे नव्या नौकेला द्यायचे, ही आपल्या नौदलाची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळेच नुसते ‘खुकरी’, ‘राजपूत’ किंवा ‘विक्रांत’ लिहून भागत नाही.

सर्वांत जिव्हारी लागते ती ‘खुकरी’ची चूक. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने बुडवली ती फ्रिगेट जातीची युद्धनौका ‘खुकरी’, क्रमांक एफ-१४९. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ब्रिटनमध्ये बांधलेली, ब्लॅकवुड वर्गातली ही लहानशी नौका. तिच्यावर क्षेपणास्त्रे नव्हती, हेलिकॉप्टर उतरवायला जागा नव्हती. होत्या त्या ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा आणि पाणबुडीवर स्फोटके फेकणारे ‘लिंबो’ मॉर्टर. दुसरी ‘खुकरी’, पी-४९, ही माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट जातीची युद्धनौका. ती १९८९ मध्ये दाखल झाली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ७६ मिलिमीटरची तोफ, नौका चालवतात त्या ‘ब्रिज’जवळ क्षेपणास्त्रांच्या जाड नळ्या आणि मागे हेलिकॉप्टरचा सपाट डेक. छायाचित्रात मागचा हा डेक दिसला, की ती १९७१ची ‘खुकरी’ नव्हे, एवढी एकच खूण पुरेशी आहे. आता तर पी-४९ दीवलाच संग्रहालय म्हणून ठेवली आहे आणि तिथल्या स्मारकात काचेच्या घरात पहिल्या ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. एकाच गावात दोन्ही असल्याने हा गोंधळ पुढेही होत राहणार. त्या १९४ जणांचे जहाज कोणते, हे तरी आपण नीट छापले पाहिजे.

‘राजपूत’चेही तसेच. १९७१च्याच युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली त्या रात्री विशाखापट्टणमबाहेर डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारी स्फोटके) टाकणारी ‘राजपूत’ ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश विनाशिका ‘रॉदरहॅम’. ती आपण १९४९ मध्ये घेतली. सोव्हिएत संघात बांधलेली क्षेपणास्त्रवाहू ‘राजपूत’ दाखल झाली १९८० मध्ये. ‘गाझी’च्या लेखाशेजारी तिचे चित्र शोभत नाही.

विमानवाहू ‘विक्रांत’च्या बाबतीत दोन जहाजांची गफलत सहसा होत नाही. जुनी २० हजार टनांच्या आतली. नवी ४० हजार टनांहून मोठी, २६२ मीटर लांबीची. इथे चूक होते ती एकाच जहाजाच्या दोन काळांची. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेल्या ‘विक्रांत’चा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता आणि सी हॉक व अलिझे विमाने वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. पुढे सी हॅरियर विमाने आली, कॅटापल्ट काढले गेले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाळेशी उंच उचललेला उतार, म्हणजे स्की-जंप, बसवला गेला. म्हणून स्की-जंप असलेले छायाचित्र जुन्या ‘विक्रांत’चेच असले तरी १९७१चे नसते. ‘जुनी विक्रांत नव्याने बांधली’ हे वाक्य तर कायमचे बाद करावे. जुनी १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय होती आणि शेवटी भंगारात निघाली. नवी कोचीत मुळापासून बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. दोघींत समान आहे ते नाव, ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ब्रीद आणि आर-११ हा क्रमांक.

क्रमांकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण ‘नुसता क्रमांक दिला की झाले’ असे अनेकांना वाटते. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरे आहे: १९३८ची विमानवाहू ‘एंटरप्राइझ’ सीव्ही-६, १९६१ची सीव्हीएन-६५. आपल्याकडे नावाबरोबर कित्येकदा क्रमांकही पुन्हा येतो. १९७२ची ‘नीलगिरी’ एफ-३३ आणि २०२५ची ‘नीलगिरी’ही एफ-३३. पाणबुड्यांत तर अदलाबदल आहे. १९६७ची ‘कलवरी’ एस-२३ आणि १९६९ची ‘करंज’ एस-२१. नव्या ‘कलवरी’ला एस-२१ मिळाला, नव्या ‘करंज’ला एस-२३. ‘खांदेरी’ मात्र तेव्हाही एस-२२ आणि आताही एस-२२. म्हणजे एस-२३ एवढाच धागा धरून कुणी जुने कात्रण शोधले, तर दुसऱ्याच पाणबुडीपाशी पोचेल.

म्हणून खात्रीची खूण एकच: नौदलात दाखल झाल्याचे वर्ष. पहिल्या उल्लेखातच ‘नीलगिरी (२०२५)’ असे छापावे. पुढे नुसते नाव चालेल. वर्ष घेताना जलावतरण (नौका प्रथम पाण्यात उतरवणे) आणि दाखल होणे यांत मात्र गल्लत नको. नव्या ‘नीलगिरी’चे जलावतरण २८ सप्टेंबर २०१९ रोजी झाले आणि ती दाखल झाली १५ जानेवारी २०२५ रोजी. मधली पाच वर्षे ती ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) नव्हतीच; ते उपपद दाखल झाल्यावर लागते. त्यातून २८ सप्टेंबर २०१९ याच दिवशी मुंबईत नवी ‘खांदेरी’ दाखल झाली. एकाच दिवसाच्या बातमीत एक नौका पाण्यात उतरली आणि दुसरी सेवेत आली. त्या दिवसाचे कात्रण संदर्भाला घेणाऱ्याने हे दोन शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावेत.

छायाचित्रांच्या संग्रहातही प्रत्येक चित्रामागे नाव, दाखल झाल्याचे वर्ष आणि चित्र काढल्याचे वर्ष अशा तिन्ही नोंदी हव्यात. जुनी ‘विंध्यगिरी’, १९८१ची, जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदराजवळ मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली आणि बुडाली. त्याच नावाच्या, त्याच एफ-४२ क्रमांकाच्या नव्या नौकेचे जलावतरण ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्यात झाले. तिच्याविषयीच्या बातमीशेजारी ते धुराने काळवंडलेले जहाज येऊ नये, यासाठी संग्रहातल्या त्या चित्रांवर आजच वर्ष घालून ठेवावे, ही विनंती.

कळावे,
नौदलाच्या इतिहासाचा अभ्यास करणारा एक वाचक