कासरा खोलीत बांधलाय

तीर्थरूप आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "खोलीत नीट जागा मिळाली का?" आणि मी नुसतं "हो" म्हणाले. शेजारी तिघी बसलेल्या होत्या, सगळं सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. धाकट्याला सावकाश वाचायला सांगा. आणि आई, तू मधेच चूल बघायला उठू नकोस.

खोली दहा बाय बाराची असेल. चार लोखंडी कॉट, दोन टेबलं, चार खणांचं एक कपाट, एक खिडकी. मी सगळ्यांच्या आधी पोचले, म्हणून खिडकीजवळची कॉट धरली आणि पेटी तिच्याखाली सारली. मग उदगीरची आली, मग जिंतूरची. शेवटी किनवटची, नंदीग्राम एक्स्प्रेसनं. इथं गावाच्या नावानंच हाका मारतात, मी 'धारूरची'.

किनवटचीच्या वाट्याला दारामागची कॉट उरली. दार उघडलं की तिच्या कॉटला थडकायचं. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस तिनं पिशवी सोडलीच नाही. लागेल ते चेन थोडी सरकवून काढायची आणि पुन्हा बंद करायची. जणू उद्या परत जायचंय. तिसऱ्या रात्री मला झोप येईना. आई, मला आपली कोपी आठवली.

मी सहा-सात वर्षांची असेन. दिवाळी झाली की ऊस तोडायला साखर कारखान्याची वाट. बांबू आणि पाचटाची कोपी, आत वाकून जायचं. तू आधी हंड्याला जागा बघायचीस, मग चुलीला, मग धाकट्याच्या झोळीला, बाकीचं सगळं त्यानंतर. त्या साली शेजारच्या कोपीत बाळंतीण होती आणि आपला धूर वाऱ्यानं थेट तिच्या दारात जायचा. तू मांडलेली चूल मोडलीस आणि पलीकडच्या अंगाला पुन्हा मांडलीस. पहाटे तीनला उसाच्या फडात गेलेली, दिवसभर मोळ्या वाहून आलेली तू. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी उसाचं कांडं चोखत बघत बसले होते, पण ते माझ्या ध्यानात राहिलं.

सकाळी मी तिघींना म्हटलं, खोली पुन्हा लावू. अर्धा दिवस गेला. दारामागं आता एक टेबल आणि चौघींच्या बादल्या आहेत. या शहराला पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, तरी नळ रोज येत नाही, म्हणून बादल्या भरून ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे. कॉट दोन्ही भिंतींना दोन-दोन लावल्या. उदगीरचीला धुळीनं दमा उठतो, तिला खिडकी दिली. मी कपाटाच्या अंगाला आले. त्या संध्याकाळी किनवटचीनं पिशवी उपसली. तिनं मोहाची फुलं वाळवून आणलीत, ती मी पहिल्यांदाच हातात घेतली.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून वाईट झाली, ती तुमच्यापासून लपवत नाही. जिंतूरची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, रात्री दोनपर्यंत दिवा. माझे डोळे अजूनही फडाच्या वेळेलाच उघडतात. एकदा मी तिला तोडून बोलले. ती पुस्तक घेऊन गुपचूप बाहेर गेली आणि जिन्याच्या पायरीवर वाचत बसली. पाणी प्यायला उठले तेव्हा दिसली, तशीच, गुडघ्यावर पुस्तक ठेवून. मी माफी मागितली.

अण्णा, त्यावर उपाय तुमच्याच वस्तूनं केला. धारूरच्या स्टँडवर तुम्ही पेटी बैलांच्या कासऱ्याच्या दोरीनं आवळून बांधली होती ना? तोच कासरा खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून बांधलाय आणि त्यावर आईची ती हिरवी साडी टाकलीय, गोधडीला ठेवलेली. जिंतूरचीच्या टेबलाला पडदा झाला. तिला उजेड, मला अंधार. जिथं तो तुमच्या हातात असायचा तिथं कासरा गुळगुळीत, काळसर झालाय, आणि जवळ गेलं की अजून बैलांचा वास येतो. बैल विकून दोन वर्षं झाली. येत्या पोळ्याला तुमचे हात मोकळे असतील, ते मनात येतं.

धपाटे चौथ्या दिवशीच संपले. उदगीरची रोज विचारते, "काय करूलालीस गं, तुझी आई कधी येऊलालीय?" शेंगदाण्याची चटणी पाठवा, लोणचं नको, अजून बरंच आहे.

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठात 'कमवा व शिका' योजनेत माझं नाव लागलंय, ग्रंथालयात काम आहे. मेसचे पैसे त्यातून बऱ्यापैकी निघतील. पुस्तकं तिथलीच वापरते. आईचे गुडघे आता मोळी घेऊन चढण चढायचे नाहीत, आणि अण्णा, तुमची कंबर मला ठाऊक आहे. तुमच्याशिवाय आई जाणार नाही आणि आईशिवाय तुमची कोयत्याची जोडी पुरी होत नाही. तेव्हा दोघांनीही माझ्यासाठी म्हणून मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊ नका. घेतली असेल तर मला खरं सांगा, मी रागावणार नाही, आपण मिळून ती कशी फेडायची ते बघू.

दसऱ्याच्या आधी मी येते. तोवर मुकादम आला तर त्याला सांगा, थोरली आल्यावर बोलू.

तुमची,
थोरली