खलनायकाचे कारण काढून घेऊ नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर जो लेख आला, त्यातील दोन विधानांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॉमिक्समध्ये राजकारण अलीकडे घुसले, हे पहिले विधान; आणि हल्लीच्या खलनायकांना दुःखाचे पूर्वायुष्य चिकटवून लेखक दुष्टपणाची तरफदारी करतात, त्यामुळे मुलांना बरे-वाईट कळेनासे होते, हे दुसरे. म्हणून अशी पुस्तके वाचनालयांच्या बालविभागातून हलवावीत, अशी सूचनाही लेखात आहे. लेखकाची तळमळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. मी आमच्या गावातील वाचनालयाचा बालविभाग दर रविवारी सांभाळते, त्यामुळे मुले काय वाचतात आणि वाचून काय बोलतात ते प्रत्यक्ष व्यवहारातून पाहते. लेखातील निष्कर्ष मात्र मला पटलेले नाहीत.

पहिल्या विधानाचे उत्तर एका मुखपृष्ठातच मिळते. ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आला, त्यावर मार्च १९४१ हा महिना छापलेला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा अजून एक वर्ष होते आणि आपण त्या भानगडीत पडूच नये असे म्हणणारा मोठा वर्ग त्या देशात होता. हे पात्र घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरांत जन्मलेले तरुण होते. अंक बाजारात येताच त्यांना धमक्या आल्या आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाची हमी दिली, असे सायमन यांनी पुढे आठवणींत सांगितले आहे. ज्या अंकामुळे दारावर पोलीस उभे करावे लागले, त्याला राजकारणापासून अलिप्त कसे म्हणावे?

दुसरे विधान अधिक गंभीर आहे आणि त्याला जुना इतिहासही आहे. १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्स आणि बालगुन्हेगारी या विषयावर सुनावण्या घेतल्या. त्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असा गुन्हा दाखवायचा नाही, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी व प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही छापायचे नाही, ही त्यातील ठळक कलमे. ही दोन्ही कलमे एकाच यादीत होती, याकडे मी आपल्या वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधते. खलनायकाचे कारण पुसून टाकणे आणि सत्तेला प्रश्न विचारणे बंद करणे ही कामे एकाच कागदावर, एकाच हाताने झाली. १९७१ मध्ये ही बंधने सैल झाली, तेव्हाही दोन्ही बाबतींत एकदमच मोकळीक मिळाली.

कारण काढून घेतलेला खलनायक उरतो तरी कसा? १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ ही, जन्मतःच विलक्षण शक्ती लाभलेल्या ‘म्यूटंट’ माणसांची मालिका सुरू झाली, तेव्हाचा तिचा खलनायक मॅग्नेटो पाहावा. लोखंड हवेत उडवणारा हा माणूस जगावर राज्य करू पाहतो, कारण तो तसाच आहे. तो असा का झाला, याचा खुलासा त्या अंकांत नाही. पुढे त्याने आपली टोळी उभारली आणि तिला नाव दिले ‘दुष्ट म्यूटंटांचा बंधुसंघ’. आपल्याच संघटनेच्या पाटीवर ‘दुष्ट’ हा शब्द कोण रंगवून घेईल? जगातला प्रत्येक जुलमी स्वतःला रक्षणकर्ता समजतो, पीडितांचा कैवारी समजतो. ज्या मुलाला फक्त ‘दुष्ट’ अशी पाटी लावलेलाच दुष्ट ओळखता येतो, त्याला बाहेरच्या जगात एकही दुष्ट कधी ओळखता येणार नाही.

कारणाची जागा रिकामीही राहत नाही. तिथे लगेच जात, वंश, देश येऊन बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन कॉमिक्समध्ये जपानी माणूस पिवळ्या कातडीचा, सुळे बाहेर आलेला असा रंगवला जाई. त्याला वेगळा हेतू लागत नसे, जपानी असणे पुरेसे होते. त्याच वर्षांत सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते, काटेरी कुंपणाआड छावण्यांत डांबण्यात आले. आपल्याकडील वाचकांना याचे अधिक जवळचे उदाहरण आठवेल. ज्या वेताळाच्या (मूळ नाव ‘फँटम’) गोष्टी आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वाचल्या, त्या मूळ अमेरिकन पट्टीतील समुद्री चाच्यांची पिढीजात टोळी ‘सिंग’ नावाची होती आणि वेताळाचा प्रदेश ‘बेंगाली’ होता. भारतात छापताना त्यांचे ‘सिंगा’ आणि ‘डेंकाली’ झाले. ही दोन-चार अक्षरांची दुरुस्ती ज्यांनी केली, त्यांना हे नीट कळले होते की निष्कारण दुष्टाला आडनाव चिकटले की ते आडनावच दुष्ट ठरते.

आता मॅग्नेटोकडे परत येते, कारण त्याच्याबाबत पुढे जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. १९८१ मध्ये, ‘एक्स-मेन’च्या दीडशेव्या अंकात, लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी त्याला बालपण दिले. हा मुलगा आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेला आहे, त्याचे कुटुंब तिथे मारले गेले आहे. वेगळ्या दिसणाऱ्या लोकांचे शेवटी काय करतात हे त्याने पाहिलेले आहे. म्हणून तो जगातील सरकारांना शस्त्रे खाली ठेवा असे धमकावतो. एक सोव्हिएत पाणबुडी त्याच्यावर क्षेपणास्त्रे डागते, तेव्हा तो ती आतल्या माणसांसकट बुडवतो. त्याच अंकाच्या अखेरीस, एक्स-मेनमधील किटी नावाची जेमतेम तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्याची यंत्रणा मोडायला जाते आणि तो तिच्यावर विजेचा आघात करतो. मग तो तिच्याजवळ जातो, ती मेली असे समजतो, आणि तेव्हा कुठे त्याला दिसते की हे एक मूल आहे. ज्यांनी आपले घर संपवले त्यांच्याच रांगेत आपण येऊन उभे राहिलो आहोत, हे त्याला त्या क्षणी समजते.

या अंकाने त्याचा गुन्हा माफ केला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बुडालेल्या पाणबुडीतील खलाशांचा हिशेब कथेत शिल्लकच राहिला आणि १९८५ मध्ये, दोनशेव्या अंकात, त्याला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायासनासमोर उभे राहावे लागले. दुःख समजून घेणे आणि जाब विचारणे या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात, किंबहुना एकत्रच व्हाव्या लागतात, हे त्या अंकांनी वाचकाला कथेच्या ओघात दाखवले. मॅग्नेटोकडे कारण होते आणि ते खरे होते. त्याचा अपराध हा की त्या कारणाने त्याला इतके व्यापले की समोरची व्यक्ती, तिचे वय, ती तिथे का आली, हे पाहायला त्याच्याकडे जागाच उरली नाही.

खलनायकाची मला कळलेली खूण हीच आहे. ती सर्वांत स्वच्छ दिसते सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर याच्यामध्ये. १९६० च्या एका अंकात लूथरच्या वैराचे कारण असे दिले होते की किशोरवयीन सुपरमॅनमुळे प्रयोगशाळेतील अपघातात त्याचे केस गेले. १९८६ मध्ये सुपरमॅनची नव्याने मांडणी झाली आणि लूथर मेट्रोपोलिस शहराचा सर्वांत धनाढ्य उद्योगपती झाला. शहरात आपल्याहून मोठा कोणी असू शकतो, हेच त्याचे दुखणे. पुढच्याच वर्षी, सुपरमॅनच्या दुसऱ्या अंकात, लूथर आपल्या नोकरीतील एका शास्त्रज्ञ स्त्रीला सुपरमॅनविषयी मिळेल ती सगळी माहिती संगणकात भरायला सांगतो. संगणक उत्तर देतो: क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे. उत्तर अचूक आहे. लूथर ते वाचतो आणि साफ झिडकारतो. एवढे सामर्थ्य असलेला माणूस साधा वार्ताहर म्हणून, चारचौघांसारखा कशाला जगेल? सामर्थ्य असते ते वापरण्यासाठीच, अशी त्याची खात्री आहे. आणि तो त्या बाईला नोकरीवरून काढून टाकतो. सत्य पडद्यावर लखलखीत लिहिलेले असताना ते त्याला दिसत नाही, कारण आपल्या हेतूहून वेगळा हेतू कोणाच्या मनात असू शकतो हे त्याच्या कल्पनेतच बसत नाही. सत्तेने माणसाचे काय होते याबद्दल मी बरेच अग्रलेख वाचले आहेत, पण त्या एका पानाइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल. याच लूथरला प्रकाशकांनी २००० साली, अमेरिकेत खरी अध्यक्षीय निवडणूक चालू असताना, कथेत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आणले.

आज आपण ज्याला ध्रुवीकरण म्हणतो तेही हेच, दुसऱ्याचा हेतू कल्पनेतच न बसणे. मतभेद असणे म्हणजे ध्रुवीकरण नव्हे. मतभेद तर घराघरांत असतात आणि असावेत. समोरच्याचे म्हणणे हे त्याचे खरे म्हणणे नाहीच, त्यामागे फक्त लोभ आहे किंवा कोणीतरी पढवलेले आहे, असे मनाशी पक्के झाले की दोन गट पडतात ते पडतातच.

आमच्या वाचनालयात मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’चा एकत्रित खंड आहे, माझ्या भाच्याने तो भेट दिला. २००६-०७ मधील या मालिकेत एका सुपरहिरो गटाच्या निष्काळजी चकमकीत स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो, शाळेतील मुलांसह सहाशेहून अधिक माणसे जातात, आणि सरकार कायदा करते की प्रत्येक सुपरहिरोने आपले खरे नाव नोंदवून सरकारी नियंत्रणाखाली काम करावे. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. अमेरिकेत तेव्हा ११ सप्टेंबरनंतरचे कडक कायदे आणि दहशतवादाच्या संशयितांना खटल्याविना डांबणारा ग्वांटानामोचा तुरुंग यांवरून देश दुभंगलेला होता. प्रकाशकांनी जाहिरातच केली होती, ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’

नववीतील दोन मुले हा खंड वाचून हमरीतुमरीवर आली, तेव्हा मी त्यांना एकच काम दिले. प्रत्येकाने दुसऱ्याच्या बाजूचे कारण असे सांगायचे की ऐकून दुसऱ्याने ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हटले पाहिजे. कॅप्टनच्या बाजूचा मुलगा बराच वेळ पुस्तकाच्या कडेवर नख घासत बसला आणि मग म्हणाला, “काकू, त्यांना पटत-बिटत काही नाही हो, त्यांना नुसती खुर्ची पाहिजे.” हे वाक्य त्या पुस्तकात कुठेही नाही. ते त्याने घरच्या जेवणाच्या ताटावर ऐकले असेल, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकले असेल. निवडणुकीच्या दिवसांत आपण मोठी माणसेच ते बोलत असतो. मी त्याला स्टॅमफर्डच्या पानांवर परत नेले, जिथे मृत मुलाची आई टोनीला जाब विचारते. ते पान त्याने पुन्हा वाचले आणि मगच, तुटक शब्दांत का होईना, पण दुसऱ्याची मान हलेल असे काहीतरी सांगितले.

त्या मालिकेत टोनीची बाजू बिघडते ती सत्ता हाती आल्यावर. विरोधकांना खटल्याविना दुसऱ्या मितीतील तुरुंगात कोंबले जाते, कालपर्यंतच्या खुन्यांना सरकारी वेतनावर घेऊन जुन्या मित्रांच्या मागे सोडले जाते. स्पायडरमॅन बाजू बदलतो तो कोणाच्या भाषणामुळे नव्हे. तो तुरुंग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. आणि शेवटच्या अंकात कॅप्टन जिंकण्याच्या बेतात असताना अग्निशमन दलाची आणि रुग्णवाहिकेची साधी माणसे त्याच्यावर झेप घेतात, तेव्हा त्याला भोवतालचे उद्ध्वस्त शहर दिसते आणि तो मुखवटा काढून स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो. आपल्या बाजूचे कारण खरे असतानाही आपण चुकीच्या ठिकाणी पोहोचलो, हे मान्य करणारा नायक मुलांपुढे असणे मला आवश्यक वाटते.

आपल्या लेखकाची भीती निराधार नाही, हेही मोकळेपणाने मान्य करते. १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकात खुनी प्रतिस्पर्धी म्हणून आलेल्या, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारणाऱ्या पनिशरला पुढे दुःखद पूर्वायुष्य मिळाले, वाचकांचे प्रेम मिळाले, आणि त्याच्या छातीवरची कवटी अमेरिकेतील काही पोलिसांच्या गाड्यांवर, तर ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील संसदभवनावर चाल करून गेलेल्या जमावातील काहींच्या अंगावर दिसली. पात्राचे एक निर्माते गेरी कॉनवे यांनी याचा जाहीर निषेध केला आहे. २०१९ च्या एका अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांनी गाडीवर लावलेली कवटी फाडतो आणि आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे पाहा असे त्यांना सुनावतो. पण लक्षात घ्या, हे चिन्ह मिरवणाऱ्यांनी पनिशरचे दुःख उचलले आणि त्याच्यापुढे पडलेली माणसे वगळली. यावर उपाय म्हणून पनिशरचेही कारण पुसले, तर कवटी तेवढी शिल्लक राहील.

म्हणून माझी विनंती आहे की, अशी पुस्तके बालविभागातून हलवावीत ही लेखातील सूचना वाचनालयांनी स्वीकारू नये. आमच्याकडे तो खंड उघड्या फळीवरच आहे. त्या दोन मुलांपैकी टोनीच्या बाजूचा जो होता, त्याने काल तो दुसऱ्यांदा घरी नेला; कॅप्टनचे कारण नीट सांगायचे त्याच्याकडे अजून बाकी आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली